नापास मासा

मोशी

चि. नागसेन यास,

सुमनताईचे पोटभर आशीर्वाद आणि घरात सगळ्यांना सप्रेम जयभीम. तुझी पाठ कशी आहे? गादी बदलल्यापासून तू निदान सरळ उभा राहतोस, असं दिपाली म्हणाली, ऐकून बरं वाटलं. तळेगावात पाण्याचे हाल कमी झाले का? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे माणसं खुशाल आहेत. मोबाईल हातात असताना ताई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. कारण सरळ आहे. या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं यांना ऐकू जातं आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेलं हे माझा फोन चार्जिंगला लावताना वाचतात (आधी चष्मा शोधतात, पुसतात, मग वाचतात). म्हणून पत्र. खालच्या मजल्यावरची मिनल ऑफिसला जाताना पेटीत टाकणार आहे.

तुझे दाजी चाकणच्या कंपनीतून रिटायर झाले, तेव्हा सेंड ऑफला सुटकेस मिळेल असं मी धरून चालले होते. माळ्यावर जागासुद्धा करून ठेवली होती. पण डिपार्टमेंटच्या पोरांनी वर्गणी काढून दिली ती काचेची माशांची टाकी, स्टँडसकट, पंपासकट, वर निळा दिवा. म्हणाले, सर, आता आराम करा, मासे बघत बसा. आता ज्या माणसाने सगळी नोकरी क्वालिटीत काढली, जो लग्नाच्या जेवणातही पत्रावळीला भोक आहे का ते उजेडात धरून बघतो (तुझ्याच लग्नात बघितलं होतं, आठवतं का?), त्याला नुसतं बघत बस म्हणून सांगायचं म्हणजे शिक्षाच की. टाकी बरेच दिवस कोरडी पडून होती. त्या दिवसांबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. हे सकाळच्या शिफ्टच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गॅलरीत उभं राहून कंपनीची बस जाताना बघायचे. बस वळली की शर्ट काढून परत आडवे व्हायचे. कोणाशी बोलणं नाही, माझ्यावर चिडणंसुद्धा नाही. मला फार भीती वाटायची रे. म्हणून एक दिवस मीच म्हटलं, उठा, मासे आणू.

मासे आणणं ही तासाभराची गोष्ट आहे, असा माझा समज होता. चिंचवडला रविराज म्हणून एका पोराचं दुकान आहे, तिथे गेलो. यांनी खिशातून टॉर्च काढला, भिंग काढलं, आणि जाळीतून एकेक मासा वर घ्यायला लावून दोन्ही बाजूंचे पर सारखे आहेत का ते तपासायला सुरुवात केली. गप्पी घेतल्या, त्यातल्या बऱ्याच रिजेक्ट. एंजल बघितले, एकाच्या पट्ट्या वाकड्या म्हणून अख्खा लॉट रिजेक्ट. रविराज आधी हसत होता, मग घाम पुसायला लागला. शेवटी म्हणाला, "काका, मासाय हा, बेअरिंग न्हाई. जरा तरी माया करा." मी मेली लाजेने दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. सगळे पास झालेले मासे पिशवीत भरल्यावर रविराजने एक शेपटी वाकडी असलेला गोल्डफिश वरून फुकट टाकला, सुटलं बिचारं पोरगं आमच्या तावडीतून. हे तो परत करायला निघाले होते. मीच म्हटलं, असू दे, घरात कोणीतरी आपल्यासारखं हवं. त्याचं नाव मी सोनू ठेवलं. (बाकीच्यांना नावं ठेवायची नाहीत असं यांचं म्हणणं, कारण मालाला नाव नसतं.)

आणि काय सांगू, घर बदललं. गॅलरीत उभं राहणं बंद. उठले की टाकीपाशी. पण आराम करणारा माणूस नव्हे तो. कंपनीत भिंतीवर पाट्या लावतात ना, आवरा, लखलखीत ठेवा, रोज ठेवा, ते सगळं टाकीला लागू झालं. दर रविवारी मासे बादलीत, अख्खं पाणी मोरीत, तळातले खडे कुकरमध्ये (माझ्या कुकरमध्ये, तीन शिट्ट्या), पंपाचा स्पंज कढत पाण्याने पिळून पांढराशुभ्र, काच वर्तमानपत्राने पुसून अशी की सोनू दोनदा तिच्यावर आपटला. मग नळाचं ताजं पाणी भरायचं आणि लांब उभं राहून बघायचं. टाकी इतकी सुंदर दिसायची की पाहुणे विचारायचे, मासे खरे आहेत का? आणि मंगळवार-बुधवारकडे एखादा मासा उताणा. मग हे कागद घेऊन बसायचे. का मेला? कारण पाणी बिघडलं. का बिघडलं? का, का, का करत शेवटी उत्तर एकच निघायचं, सफाई कमी पडली. की पुढच्या रविवारी आणखी जोरात सफाई. गप्पी गेल्या, मॉली गेल्या. मासा गेला की यांचं जेवण जायचं. ताट तसंच राहायचं, ते मला बघवत नाही.

मिनललाही मासे पाळायचा नाद आहे, तिच्या घरातले लोळतात नुसते. तिला मी गुपचूप विचारलं. ती म्हणाली, काकू, माशांची घाण पचवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्या मळक्या स्पंजातच राहतात, काका दर रविवारी त्यांनाच उकळतात. पाणी थोडं थोडं बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, आणि बाकी टाकीला हात लावायचा नाही. पोरगी हुशार आहे. पुढे ती असंही म्हणाली की खायला कमी घाला, पण ते मी फारसं मनावर घेतलं नाही, या आयटीतल्या मुली स्वतःही दुपारी काकडी खाऊन राहतात. आपल्या घरात उपाशी कोणी झोपलेलं नाही. हे सकाळी मोजून चार दाणे टाकतात, चिमट्याने. एवढ्यात कोणाचं भागणार? मी आपली नंतर थोडं टाकते (चपातीचा चुरा, तोही तेल न लावलेला), आणि चहाच्या वेळी टाकते त्याला काही जेवण म्हणता येणार नाही. सोनू मला बघितलं की काचेपाशी येतो. अंगाने छान भरलाय, माहेरी आलेल्या लेकीसारखा.

आता टाकीत एकटा सोनूच उरलाय. कालपासून तोही कोपऱ्यात कललेला असतो. हे समोर खुर्ची टाकून बसलेत, दाढी केलेली नाही. हा गेला तर यांना पुन्हा उठवायचं कशाने, हे मला सुचत नाही. असो. तुला उगाच काळजी नको. पोरांना आशीर्वाद. दिपालीला म्हणावं, मसाला संपला असेल तर कळव.

तुझी,
सुमनताई

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण असं, की तू यांना महिनाभर तळेगावला बोलावून घे. तुझ्या वरच्या मजल्याचं काम चालू आहे ना? सांग की गवंडी लबाड आहे, फरशा तपासायला दाजीच हवेत. तेवढ्या अवधीत टाकीला कोणी हात लावणार नाही आणि सोनू सावरेल. मात्र खरं कारण बोलू नकोस. आपल्याच हातांनी मासे गेले, हे यांना कळता कामा नये. उभ्या नोकरीत यांच्या हातून एकही खराब माल बाहेर गेला नाही, तेवढ्यावर उभा आहे माणूस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच तुझा फोन आला. हे शेजारी बसले होते म्हणून मी खरं बोल एवढंच म्हटलं आणि पुढे नुसतं बरं-बरं केलं, उत्तर इथे लिहिते. दिपाली आजारी आहे, ताई, महिनाभर ये, असं तू म्हणालास, आणि मागून ती विचारत होती की कोण आजारी आहे! मी खरं बोल म्हटल्यावर तू पाघळलास. म्हणजे यांनी परवा गच्चीवर जाऊन तुला फोन केला होता तर. ताईला घेऊन जा, ती माशांना खाऊ घालून घालून मारतेय, पण तिला यातलं काही सांगू नकोस, सगळ्यांना जेवू घालण्यात तिचा जन्म गेलाय, ऐकून ती खचेल. असं म्हणाले ना हे? फोन ठेवल्यापासून मी स्वयंपाकघरात आहे आणि कांदा चिरत नसताना डोळे पुसतेय.

तेव्हा मी येत नाही आणि हेही येणार नाहीत. रविवारच्या आत तू ये आणि सोनूला घेऊन जा. मिनल सांगेल तसं ठेव. मासा नसला म्हणजे आम्हा दोघांना दिवसभर एकमेकांचीच निगा राखावी लागेल. त्यातून आम्ही दोघंही वाचलो, तर महिन्याने त्याला परत आण.