नव्वद पेसोंचा खुलासा

त्लाकोलुला,
मंगळवार, ता. ४ नोव्हेंबर २०१४

श्रीमती दोन्या ओबदुलिया रुईस, मुक्काम मित्ला, यांस सविनय नमस्कार.

मी, एपिफानियो किरोस सांतियागो, वय वर्षे चौऱ्याहत्तर, विधुर, शिक्षण इयत्ता चौथी, धंदा सुक्या मिरच्यांची विक्री, येथील रविवारच्या बाजारात लसणीच्या ओळीलगत सेहेचाळीस वर्षे एकाच जागी बसणारा, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की, माझ्या तराजूबद्दल आजवर एकही तक्रार झालेली नाही.

इकडील सर्व क्षेम आहे. पाऊस लांबल्याने यंदा माल उशिरा आला, परंतु उत्तम आहे. माझा गुडघा पूर्वीसारखाच. आपल्या टर्की कोंबड्या सुखरूप असतील, अशी आशा करतो.

आता मूळ विषय. ऑगस्टच्या चोविसाव्या तारखेस आपण धुरावलेल्या मिरचीचा भाव विचारलात. मी पाव किलोचे नव्वद सांगितले.

आपण मिरची नाकाशी धरून म्हणालात, "नव्वद? मिरची आहे की बिशपच्या अंगठीतला खडा?"

"बाई, खडा शिजत नाही."

"चाळीस देते. तेही तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघून."

इथवर सर्व यथास्थित चालले होते. एवढ्यात शेजारच्या लसूणवाल्या फिलिबेर्ताने तोंड घातले. "अगं ओबदुलिया, अख्ख्या गावाला साठ सांगतो हा म्हातारा! तुलाच तेवढे नव्वद. आठ वर्षं झाली!" ती हसली. आपण हसला नाहीत.

"खरं का हो?" आपण विचारलेत.

चार माणसे ऐकत होती. मी म्हणालो, "माझ्या दुकानी भाव मी ठरवतो."

आपण पुरते नव्वद पेसो ठेवलेत. तोलावर फुकट द्यायची वरची मूठ घालण्यासाठी मी मिरचीत हात घातला, तोवर आपण पाठ फिरवली होती. घासाघीस न करता पैसे टाकणारे मी आजवर फक्त परदेशी पाहुणे पाहिले. त्यांचे कधी वाईट वाटले नाही.

सत्य असे की, दर वेळी घासाघिशीअंती आपण साठावरच येत होतात. एकदा तर अठ्ठावन्नावर. सबब आपणांस फसविले, हा आरोप मला मान्य नाही. मग नव्वद कशासाठी, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर त्या दिवशी द्यावयास हवे होते.

माझी पत्नी औरेआ वारल्यानंतरच्या फेब्रुवारीत नव्वद हा आकडा माझ्या तोंडून चुकून गेला. आपण अर्धा तास भांडलात. माझ्या टोपीची, तराजूची, दूर बांधलेल्या माझ्या खेचराचीही लाज काढलीत. त्या दिवशी घरी जाऊन मी मक्याच्या दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. पुढच्या रविवारी नव्वद सांगितले, ते चुकून नव्हे. साठ सांगितले असते, तर आपण साठ देऊन निघून गेला असतात. साठाला वेळ लागत नाही.

दहा रविवार झाले. मृतांच्या सणाआधीच्या बाजारालाही आपण आला नाहीत. फिलिबेर्ता सांगते की, आपण मित्लाच्या एका दुकानातून छापील किमतीची पाकिटातली मिरची घेता. तिचाच मोलेचा रस्सा आपण यंदा दिवंगत पतीपुढे नैवेद्यास ठेवला असल्यास, ते बिचारे काही बोलले नसतील. मी बोलतो. ती मिरची चांगली नाही.

त्या दिवशीची आपली वरची मूठ मी कागदात बांधून ठेवली आहे. मिरची नासत नाही. वास मात्र जातो.

जास्तीचे तीस पेसो या पत्रासोबत पाठवीत नाही. हवे असल्यास येऊन, भांडून घ्यावे लागतील. येत्या रविवारी आपणांस भाव एकशे ऐंशी सांगितला जाईल, याची नोंद घ्यावी. पुरेशी सवड काढून यावे. इतकी वर्षे आपणांस उभे ठेवले. आता एक खुर्ची आणली आहे. तिच्यावर मी कोणास बसू देत नाही.

भाव सांगण्यास तिष्ठत असलेला,
एपिफानियो किरोस सांतियागो

हे पत्र मोठ्याने वाचले, तेव्हा समक्ष हजर:
निकासियो, न्हावी, त्याच्या मते दोनशे सांगावयास हवे होते.
फिलिबेर्ता, लसूणवाली, हिने सही करताना डोळे पुसले. लसणीमुळे, असे ती सांगते.