इथे हवा बरी आहे

नवागाम, सुरत
(तारीख मुद्दाम लिहिलेली नाही.)

चि. हर्षदा,

आत्याचे तुला मन भरून आशीर्वाद. धावताना दुखावलेला घोटा आता कसा आहे? नाशिकला क्लासच्या खोलीवर जेवण वेळेवर मिळतं ना?

तुझी निवड झाली त्या सैनिकी महाविद्यालयाची सूचना तू फोनवर वाचून दाखवलीस, ती मी उभी राहून ऐकली. घरच्यांनी सोशल मीडियावर काही टाकू नये, अनोळखी माणसाला माहिती देऊ नये. पहिल्याच दिवशी आपली चौकशी व्हायला नको, म्हणून तू रडकुंडीला आलीस. पण तोवर हेमराजकाकाने लिंबायतच्या चौकात बॅनर लावलाही होता. त्यावर तू, तुझे बाबा आणि हेमराज (सगळ्यात मोठा फोटो त्याचाच), शिवाय तुझ्या जाण्याची तारीख, गाडी आणि डबा. त्याचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर. मी घरोघर जाऊन विनवण्या केल्या. शेजारच्या सोनालीने लगेच स्टेटस काढलं आणि नवं टाकलं: अमुक तारखेला अमुक गाडीने जाणाऱ्या हर्षदाची पोस्ट सुरक्षेसाठी काढली आहे.

आता माझा गुन्हा. फेसबुकवर एक निवृत्त कर्नल भेटले. फोटोत त्यांच्या जागी गुलाबाचा गुच्छ होता. त्यांनी माझ्या इंग्रजीची तारीफ केली (चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी केली गं), तुझं अभिनंदन केलं आणि तुझ्या प्रवेशपत्राचा फोटो मागितला. मी चष्मा पुसून फोटो काढलासुद्धा. पाठवणार, तोच सिस्टर बर्नडेट आठवल्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात घरी जाणारं प्रत्येक पत्र त्या लाल पेन्सिल घेऊन वाचायच्या. त्यामुळे दोन पानं भरून काहीच न सांगण्याची कला मला बाराव्या वर्षीच आली होती. मी कर्नलसाहेबांना कळवलं, की हवा बरी आहे, पेरूला फळं धरली आहेत, प्रार्थना वेळेवर होते. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पेरूची चव कळवली. पाचव्या दिवशी त्यांनीच मला ब्लॉक केलं.

तुझ्या बाबांनी पोलिसांत कळवलं आहे आणि तुझं तिकीट बदललं आहे. नवी तारीख मला सांगितलेली नाही. मी अजिबात रागावले नाही (पहिले दोन दिवस सोडले तर). स्टेशनवर देण्यासाठी केलेले शेंगदाण्याचे लाडू मात्र आता डब्यातच आहेत.

तुझी,
मालतीआत्या

ता. क. बॅनर उतरवायला गेले, तर हेमराज म्हणाला, "आमनी पोर शे, काबर काढू?" आपलीच पोर, मग का काढायचा म्हणे. शेवटी मी त्यावर साडीचा पीस बांधून घेतला. आता येणारा-जाणारा पदर उचलून वाचतो. जुनी तारीख वाचून सगळे फसतील, एवढंच समाधान.

ता. क. २. आता खरं काम. तिथलं मला काही कळवू नकोस, पत्ता नको, फोटो नको. पण वसतिगृहात रडू आलं, की मी पत्रात 'इथे हवा बरी आहे' एवढंच लिहायचे आणि आई रविवारी हजर व्हायची. सिस्टरना शेवटपर्यंत कळलं नाही. तुलाही रडू आलं तर तेवढंच लिही. मला येता येणार नाही, पण कळेल. हे वाचून फाडून टाक.

बाकी सगळं ठीक. इथे हवा बरी आहे.