फोटोतला चोर

आई,

लांबूनच पाया पडतो. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा आता कसा आहे?

गुरं चोरणारा पकडल्याची बातमी पेपरात आलीय. फोटोत आमचे साहेब छाती काढून उभे आहेत आणि मध्ये तोंडावर काळं फडकं टाकलेला चोर. त्याच्या अंगातला स्वेटर तू ओळखशीलच. तूच विणलायस. बाबांना सांगू नकोस.

खरा चोर सापडलाच नाही. वरून ओरडा आला, म्हणून साहेबांना फोटो हवा होता. इथे अशा वेळी नव्या शिपायालाच उभं करतात. "तुला इथे कोण ओळखतंय," म्हणाले आणि माझी वर्दी उतरवली. सगळे खिदळत होते. किळस आली मला त्यांची, आणि गप्प उभा राहिलो म्हणून माझीही.

तेवढ्यात जिची गाय गेली ती म्हातारी आत आली. "कुठे विकलीस, एवढं तरी सांग रे," म्हणाली. ती माझ्यावर थुंकली आणि साहेबांच्या पाया पडून गेली.

स्वेटर दोनदा धुतला. अजून अंगात घालवत नाही.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा