जिन्यातलं बटण

३ मार्च, सकाळी नऊ
आनंदाची बातमी. चित्रकार संघाने अठरा तारखेला माझं भाषण ठेवलंय. विषय मीच सुचवला: कलावंतांनी एकमेकांची ओरिजिनल चित्रं विकत का घ्यावीत. मुद्दे चहा उकळायच्या आत सुचले. कामातली मेख कळते ती आपल्यालाच, तेव्हा आपण चित्र घेतलं की समोरच्याला चार वर्षं काम करायचं बळ मिळतं. दुसऱ्याचा हात रोज डोळ्यांसमोर असला की आपलाही सुधारतो. आणि आपणच घेत नसू तर लोकांनी काय म्हणून घ्यावीत?

बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, आपल्याकडे कोणाचं आहे? हॉलमध्ये अकरा चित्रं आहेत. अकराही माझी. म्हटलं, भिंतीवर जागा कुठाय? ती इस्त्री करत होती, करत राहिली.

ठराव: भाषणाआधी एक चित्र विकत घ्यायचं.

४ मार्च
कोणाचं, हा प्रश्नच नाही. आमचे स्टुडिओ जुन्या छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर. माझ्या शेजारची कोपऱ्यातली खोली बाईंची. साठीच्या, एकट्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचं एक चित्र आहे. जिन्यातलं दिव्याचं बटण. बस. भिंत, बटण, आणि अंधारात चाचपडणाऱ्या हातांनी वर्षानुवर्षं त्याभोवती पडलेला काळपट डाग. पाहताना आपला हात उचलला जातो. माझा दोनदा उचलला गेलाय. (मीही काढलं असतं. विषय सुचला नाही इतकंच.)

बाईंना सांगितलं, हे मला हवंय. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "खरंच हवंय तुम्हाला?" दोनदा विचारलं. आवाज निराळाच लागला होता. मला उगाच अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, बाजूला ठेवा, भाषण झालं की नेतो. किंमतही वाजवी सांगितली. पैशांची अडचण नाही.

७ मार्च
बटणाच्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढून आणला होता. हॉलमध्ये माझ्या मोठ्या सूर्यास्ताशेजारी धरून पाहिला. सूर्यास्त एकदम झोपलाच. प्रकाशाचा दोष असणार, आमच्या हॉलची ट्यूब वाईट आहे. आधी ट्यूब बदलायची, मग चित्र. घाई करून चालत नाही.

९ मार्च
बाईंच्या खोलीतून दुपारभर खर्र खर्र आवाज. काहीतरी खरवडताहेत. मधे थांबतो, पुन्हा सुरू. माझं लक्ष लागेना. मग उलगडा झाला: मी चित्र मागितल्यामुळे त्यांना हुरूप आलाय, नवे कॅनव्हास तयार करताहेत! भाषण व्हायच्या आतच परिणाम.

१२ मार्च
खाली फ्रेमवाला भेटला. म्हणाला, बाईंनी जुन्या फ्रेमा काढून परत आणून दिल्या, घेता का? म्हटलं, बाई नव्या, चांगल्या फ्रेमा करणार असतील, मोठं प्रदर्शन दिसतंय. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, तसं काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, कलावंत असं आधी बोलत नसतात.

१४ मार्च
भावुक व्हावं असा प्रसंग. बाई दारात आल्या, हातात ब्रशचा डबा. सगळे चांगल्या केसांचे, जपलेले. म्हणाल्या, तुम्हाला चालतील. आयुष्यभराची हत्यारं माणूस कोणाच्या हातात देतो? ज्याच्यात आपला वारस दिसतो त्याच्याच. जाताना म्हणाल्या, "ते बटणाचं एकतीस तारखेपर्यंत न्याल ना?" म्हटलं, म्हणजे काय! एकतीसच का, हे विचारायचं राहिलं. मी ब्रश बघत होतो.

खरवडण्याचा आवाज आज नव्हता. पांढऱ्या रंगाचा वास मात्र पॅसेजभर.

१८ मार्च, संध्याकाळी सात
भाषण जबरदस्त झालं. "कोरी भिंत परवडली, पण फक्त स्वतःच्या चित्रांची भिंत नको" याला टाळ्या. शेवटी एका आगाऊ शिल्पकाराने विचारलं, तुम्ही शेवटचं कोणाचं चित्र घेतलंत? म्हटलं, कोपऱ्यातल्या बाईंचं. बटणाचं. घेतलं.

हे खोटं नाही. घेणारच आहे, फक्त काळाची चूक.

बाई शेवटच्या रांगेत होत्या, हे नंतर दिसलं. मान हलवली. होकारार्थी, असं मला वाटतं. चहाला थांबल्या नाहीत.

१९ मार्च
भाषण लागू पडतंय. मातीची भांडी करणारी ताई स्टुडिओत आली. म्हणाली, दोन वर्षं त्या बटणावर डोळा होता, धीर होत नव्हता. काल तुमचं ऐकून ठरवलं की घ्यायचंच, तर तुम्हीच आधी नेलंत! नशीबवान आहात, म्हणाली. माझ्या नजरेला मिळालेली याहून मोठी पावती कोणती?

तिला खरं सांगता आलं असतं, असं क्षणभर वाटून गेलं. पण तिच्या आनंदावर विरजण कशाला?

२४ मार्च
बाईंचं दार उघडं होतं. खुर्ची नाही. उंच स्टँड नाही. भिंतीला टेकवून पांढरे कॅनव्हास, एकामागे एक, नुसते पांढरे. आत शिरलो तर माझाच पाय वाजला, इतकी खोली मोकळी. बाई खिडकीपाशी हात पुसत होत्या. बटणाचं चित्र मात्र दाराशेजारी, वेगळं. म्हणाल्या, "आज नेताय?" म्हटलं, अजून ट्यूब यायचीय. त्या म्हणाल्या, "बरं."

मोठ्या कामाआधी सगळं नव्याने मांडणारे कलावंत असतात. मलाही तसं करायचंय.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्या जाताहेत. म्हटलं, कुठे? ती म्हणाली, ते तुम्ही विचारायचं होतंत. बायको संशयी आहे. तिच्या ऑफिसातलं वातावरण तसं आहे.

३१ मार्च
चार वाजता बाईंकडे जायचं पक्कं होतं. पण संघाचं पत्रक छापून आलं, पहिल्या पानावर माझा फोटो, तो नेमका खालून घेतलेला, त्यामुळे हनुवटीच तेवढी दिसते. संपादकांकडे जाऊन समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली. उद्या नक्की. एका दिवसाने काय होतंय!

१ एप्रिल
बाईंच्या दाराला कुलूप. घरमालकाचं.

फ्रेमवाल्याला विचारलं. तो म्हणाला, गेल्या काल, भावाकडे, कायमच्या. चार वर्षांत एक चित्र गेलं नाही हो त्यांचं. सगळी खरवडून पांढरी केली, शिकाऊ पोरांच्या क्लासला द्यायला माझ्याकडे ठेवलीत. कॅनव्हास चांगला आहे म्हणाल्या, वाया कशाला. एक तेवढं बाजूला होतं. टेम्पो खाली हॉर्न देत होता तरी त्या सहा वाजेपर्यंत थांबल्या. मग तेही पांढरं केलं.

दुकानामागे एकोणतीस कॅनव्हास उभे होते. बटणाच्या मापाचे तीन. मी तिन्हींसमोर आळीपाळीने उभा राहिलो. तो म्हणाला, न्यायचं तर एखादं न्या, तुमच्या कामी येईल. मला नीट बोलता येईना. धुळीमुळे.

३ एप्रिल
भांडीवाल्या ताईचा फोन. रविवारी दोन मैत्रिणींना घेऊन बटणाचं चित्र बघायला येतेय. म्हणाली, बाई गेल्या हो, आता तेवढं एकच उरलंय त्यांचं, बरं झालं तुम्ही घेतलंत. "या की," असं मी म्हणालो. हा आवाज माझाच होता.

४ एप्रिल
घाबरण्यासारखं काही नाही. मोबाइलमध्ये फोटो आहे. बटण काढायला कितीसा वेळ लागतो?

६ एप्रिल
घरीच काढतोय. बटण जमलं. भिंत जमली. डाग जमत नाही. माझा डाग कोणीतरी चहा फेकल्यासारखा दिसतो. पुसला. पुन्हा काढला. आता बुरशी आल्यासारखा. बायको दारात येऊन बघून गेली. जाताना दार ओढून घेतलं, हे वाईट लक्षण.

७ एप्रिल
सकाळपासून डागच. छापखान्याच्या जिन्यातल्या खऱ्या बटणापाशी जाऊन उभा राहिलो. माणसं येत होती, हात पुढे करत होती, न बघता. बाई इथे किती दिवस उभ्या राहिल्या असतील? मी वीस मिनिटं राहिलो. पाय दुखले.

८ एप्रिल, रविवार
आल्या. तिघी. हॉलमध्ये मी चित्र जरा उंच लावलं होतं, ट्यूब मुद्दाम बंद. भांडीवाली ताई जवळ गेली. तिचा हात उचलला गेला नाही, मी बघत होतो. मैत्रिणींपैकी एक म्हणाली, छान आहे, आणि घड्याळ बघितलं.

मग ताई वळून म्हणाली, "हे बाईंचं नाहीये."

मी म्हणणार होतो की उजेड कमी आहे. त्याआधी बायको स्वयंपाकघरातून आली आणि शांतपणे म्हणाली, "यांनी काढलंय. त्यांचं आणायचं राहिलं."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ताईने पर्स उचलली. एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी त्याच दिवशी नेलं असतं." पाण्याचे ग्लास भरलेले तसेच राहिले.

९ एप्रिल
कामाला हात लावला नाही. ते चित्र मला हवं होतं. ते माझ्या अकरांच्या मधे लागलं असतं तर लोकांनी तेवढंच बघितलं असतं. हे भाषणात घालता येणार नाही.

ठराव: बाईंकडे जाऊन माफी मागायची. पत्र नाही, फोन नाही, स्वतः.

१५ एप्रिल
फ्रेमवाल्याकडून पत्ता घेतला. बसने सव्वा तास. वाटेत चार वाक्यं पाठ केली.

बाईंनीच दार उघडलं. अंगावर रंगाचा एप्रन नव्हता, त्यामुळे पटकन ओळखू आल्या नाहीत. वहिनीच्या औषधांच्या डब्या लावत होत्या. बसा म्हणाल्या, चहा केला. भिंतीवर एक कॅलेंडर. मी पहिलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमचं काय चाललंय सध्या?"

संघाच्या पुढच्या प्रदर्शनात मला मधली भिंत मिळतेय, ते सांगितलं. मोठ्या सूर्यास्ताची मालिका करायचा विचार सांगितला. पत्रकातला फोटो दाखवला, हनुवटीचं सांगितलं. बाई छान ऐकतात, मान हलवत. आतून वहिनीने दोनदा हाक मारली तेव्हा मी उठलो. पाऊण तास झाला होता.

बस सुटल्यावर लक्षात आलं की माफीचं राहिलं. पुढच्या थांब्यावर उतरून परत जाता आलं असतं. पण खिडकीजवळची जागा मिळाली होती.