मंजूला उठू देऊ नका

नांदेड
१४ जून २०२४

ती. उमाशंकर अण्णांस, धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

मंजू काल सुखरूप पोचली हे तुमच्या फोनवरून कळलं, पण फोनवर मनातलं बोलता आलं नाही. तिचा फोन आम्ही काढून घेतला, त्यामुळे क्लासचे व्हिडिओ ती आता तुमच्याच फोनवर बघणार. म्हणजे मी तुम्हाला पाठवलेला प्रत्येक शब्द आधी तिच्या डोळ्याखालून जाणार. तेव्हा आपण हॉस्टेलात असताना आप्पा लिहायचे तशी पत्रंच लिहू. नाहीतरी रिटायर झाल्यापासून तुम्हाला पोस्टमनशिवाय कोण विचारतं?

अण्णा, पोरीला दोन वर्षं तुमच्या ओटीत घातली आहे. लातूरला राहून डॉक्टरकीची परीक्षा निघाली नाही तर कुठेच निघणार नाही, असं हे सुद्धा म्हणतात. (ह्यांना तर दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची घाई झाली आहे.) तिला घरातल्या काडीला हात लावू देऊ नका. पाणीसुद्धा वहिनींनी टेबलावर नेऊन द्यावं, ताट जागेवर द्यावं. ती जागेवरून उठली की तिचं लक्ष उडतं, मग तास तास परत बसत नाही. क्लासला स्कूटरवर सोडा आणि आणा. आणि एक हात जोडून सांगते, खो-खोचं नाव काढू नका. तिचे बूट मी इथंच कपाटावर टाकलेत. तुम्ही तीस वर्षं शिट्टी फुंकून गावची पोरं पळवलीत, माझी तेवढी एक बसू द्या.

सासऱ्यांना उठवून बसवावं लागतं, त्यामुळे माझं येणं होणार नाही. आणि खरं सांगू का, मी येणारही नाही. तिचं तोंड बघितलं तर तिला सोबत घेऊनच परतेन. व्हिडिओवरही दाखवू नका. रविवारी दहा मिनिटं आवाज ऐकला तरी पुरे.

वहिनींना शरणार्थ. माझ्या पोरीवर माझ्याहून जास्त माया करावी, एवढंच मागणं.

तुमची,
शिवकांता


लातूर
२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. शिवकांतास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा हुकूम अक्षरशः पाळतो आहे. सकाळी सहाला स्कूटरवर क्लास, दुपारी स्कूटरवर घर, चारला पुन्हा स्कूटर. क्लास माझ्या पावलांनी अकरा मिनिटांवर आहे, पण स्कूटरला तसं सांगून उपयोग नाही. तिच्यासाठी चाकांची खुर्ची आणली. पंखा लावायचा तर ती उठत नाही, बसल्या बसल्या खुर्ची सरकवत बटणापर्यंत जाते. महानंदाला त्याचं लई कौतुक.

महानंदा दिवसातून सहा वेळा तिच्या टेबलावर काही ना काही नेऊन ठेवते. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे बावीस वर्षांची हौस एकदम बाहेर आली आहे. शिरा, साजूक तुपाची पोळी, चॉकलेटची पूड घातलेलं दूध. त्यात क्लासबाहेरच्या रस्त्यावर नुसत्या गाड्याच गाड्या. दहा मिनिटांच्या सुट्टीत शंभर पोरं मोमोज आणि मंचुरियनला लटकतात, कारण दिवसभरात मोकळी म्हणावी अशी तेवढीच दहा मिनिटं. रविवारच्या टेस्टला मार्क चांगले पडले की मी फोनवरून पिझ्झा मागवतो. मलाच आता ते बटण डोळे मिटून सापडतं.

एक विचारू का? माझ्या जुन्या शाळेच्या मैदानावर पोरी साडेपाचला खेळतात. अर्ध्या मैदानावर कुणाच्या तरी क्लासचं पत्र्याचं शेड आलंय, पण अर्धं शिल्लक आहे. पोरीला अर्धा तास नेऊ का? परवा महानंदाच्या मागोमाग गच्चीवर गेली तेव्हा कठड्याला धरून बराच वेळ मैदानाकडे बघत होती. तू हो म्हणालीस तरच नेईन.

संगमेश्वररावांना नमस्कार. राग आला तर तोही पत्रातच लिही, पण लिहीत जा.

तुझा,
उमाशंकर


नांदेड
२० ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

तुमची शिट्टी अजून खिशातच आहे हे मला ठाऊकच होतं! नाही म्हणजे नाही. पाय मुरगळला, हात मोडला, तर कोण जबाबदार? शेजारच्या बुद्धप्रियाचा गेल्या वर्षी नंबर लागला. तिची आई सांगते, दोन वर्षं पोरगी खुर्चीवरून हलली नव्हती.

परवा फोनवर म्हणालात पोरगी थोडी भरली आहे. भरू द्या की! लहानपणी तिच्या बरगड्या मोजत सासूबाई मला टोमणे मारायच्या, आईचं दूधच पातळ म्हणायच्या. वहिनींच्या हाताला यश आलं म्हणा. दिवाळीलाही तिला पाठवू नका, आठ दिवस मोडतील. ह्यांच्या दुकानातल्या माणसाबरोबर डबा पाठवते आहे, करंज्या, शंकरपाळी, शेंगाची चटणी आणि तिला आवडतात म्हणून रव्याचे लाडू दोन डबे. सोबत निळा ड्रेस आहे. गेल्या वर्षीच्या मापानं शिवलाय. घालून बघायला सांगा आणि कसा दिसतो ते कळवा.

दिवाळीचं दोघांना वाकून शरणार्थ. माया कमी पडू देऊ नये.

तुमची,
शिवकांता


लातूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवकांतास, अनेक आशीर्वाद.

ड्रेसबद्दल तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा टाळलं. तो तिच्या दंडातूनच वर गेला नाही. मंजूनं तो घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला आणि मला म्हणाली, आईला सांगा छान आहे. मी तेही सांगितलं नाही आणि खरंही सांगितलं नाही.

आली तेव्हा सत्तेचाळीस किलोची होती. काल वाण्याच्या काट्यावर त्र्याहत्तर भरली. दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासला जाताना मध्ये थांबते. मानेवर काळा पट्टा आला आहे, घासून जात नाही. महानंदाला तिनं बायकांमधलंही सांगितलं आहे, तीन महिने पाळी आलेली नाही. शिवकांता, हे अंगावर मांस येणं नव्हे. मी पोरं बघण्यात जन्म घालवला आहे, मला कळतं. पुस्तकांच्या मागे पाकिटं सापडतात, कुरकुऱ्यांची, बिस्किटांची, त्याच ॲपवरून मागवलेल्या बर्गरची. मी रागावलो नाही. बोट धरून ते बटण मीच तिला दाखवलं होतं.

सकाळी माझ्याबरोबर चालत चल म्हणालो, तर म्हणते, मामा, आईनं उठायचं नाही म्हणून सांगितलंय. हे ती हसून म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही. मार्कही आता घसरून राहिलेत, कारण दुपारी पुस्तकावरच डोळा लागतो. एकदा येऊन तिला बघून जा. मग तू म्हणशील तसं.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
उमाशंकर


नांदेड
१२ मे २०२५

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

फेब्रुवारीतल्या तुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण मला राग आला होता. परीक्षा निघाली की वजन आपोआप उतरेल, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. पण चाकूरला सोमेशचं लग्न निघालं आणि म्हटलं, दिराच्या घरचं कार्य आहे, तेवढं निमित्त करून पोरीला डोळे भरून बघावं. अकरा महिने झाले, अण्णा. मी आदल्या दिवसापासून जेवले नाही.

आणि तुम्ही काय केलंत? मंजूचं डोकं दुखतंय, महानंदा तिला जीपमधून परत घेऊन गेली, एवढंच सांगितलंत आणि मान खाली घालून पंगतीत बसलात. दोन मिनिटं मला भेटवली असती तर काय बिघडलं असतं?

अक्षता पडायची वेळ झाली तरी तुमचा पत्ता नाही, म्हणून मी कार्यालयाच्या दाराकडे पळाले. तर तिथं एक बाई अख्खं दार अडवून पाठमोरी उभी! हिरवी इरकल नेसलेली. मी घाईत म्हणाले, ओ मावशी, सरका की जरा, का चौकटीसकट घरी जायचा इरादा हाय? माझी लेक यायली, मला ती दिसू द्या. बायका खदाखदा हसल्या. ती बिचारी न बोलता बाजूला झाली. असं बोलायला नको होतं, पण मला तेव्हा दुसरं काही दिसत नव्हतं.

आता जूनच्या पहिल्या रविवारी मीच येते. सासऱ्यांजवळ हे बसतील. माझ्यावर नाराज असाल तर तसं लिहा, पण पोरीला माझ्यापासून लपवू नका.

तुमची,
शिवकांता


लातूर
१७ मे २०२५

चि. शिवकांतास, आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

ती बाई मंजू होती.

तिला एकही ड्रेस होत नव्हता, म्हणून महानंदानं आपली इरकल तिला नेसवली. मी ड्रायव्हरला जीप कुठं लावायची ते दाखवत होतो, महानंदा आहेराची पिशवी काढत होती. मंजू आमच्यापुढे पळत गेली, तुला भेटायला. दारातून आत एवढी माणसं दिसली आणि तिचा धीर सुटला, म्हणून आमची वाट बघत बाहेर तोंड करून उभी राहिली. तेवढ्यात मागून तू आलीस. आम्ही दाराकडे निघालो तोवर ती उलटी येऊन जीपमध्ये बसली. मला तिनं डोकेदुखीच सांगितली. लातूर येईपर्यंत मामीच्या मांडीवर तोंड खुपसून पडून होती आणि खरं काय ते तिथं मामीला सांगितलं. मला महानंदानं संध्याकाळी सांगितलं. मी पंगतीत मान घालून बसलो होतो तो तू रागावशील म्हणून, मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुझ्या पत्रातला प्रत्येक शब्द मी पाळला आणि पाळताना मला बरंही वाटत होतं, कारण स्कूटरला लाथ मारणं चालण्यापेक्षा सोपं होतं, आणि पोरीला बोलण्यापेक्षा पिझ्झा मागवणं सोपं होतं. गावची पोरं पळवणाऱ्या मास्तरानं घरची पोरगी बसवून ठेवली. ह्याला माफी कुणाकडे मागू?

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. साखर काठावर आहे. औषधापेक्षा चालणं, झोप आणि घरचं साधं जेवण, असं म्हणाले, आणि वजनावरून कुणी एक शब्द बोलायचा नाही असंही बजावलं. आज स्कूटर काढली नाही. अकरा मिनिटांच्या वाटेला आम्हाला पंचवीस लागली.

जूनमधल्या त्या रविवारी यायचं की नाही, ते तूच मंजूला पत्र लिहून विचार. ह्या वेळी मी मध्ये पडणार नाही.

तुझा,
उमाशंकर


लातूर
२९ मे २०२५

ती. आईस, शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मामांनी न फोडता माझ्या हातात दिलं. शाई ठिकठिकाणी पसरली आहे, म्हणून काही ओळी वाचता आल्या नाहीत, पण काय लिहिलं असेल ते कळलं.

तू विचारलंस मी मागे का वळले नाही. मी तुझा आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला होता. वळले असते तर त्या सगळ्या बायकांसमोर तुझं तोंड एवढंसं झालं असतं. आणि खरं सांगते, मला भीतीपण वाटली. तू म्हणालीस ना, माझी लेक दिसू द्या, म्हणून मी सरकले. मला वाटलं, तू ज्या मंजूची वाट बघतेस ती आता खरंच कुठून तरी यावी आणि तुला दिसावी.

मामींच्या जेवणाला नावं ठेवू नकोस. भूक म्हणून मी फार थोडं खाल्लं, आई. इथं खेळायचं नाही, फिरायचं नाही, घरी यायचं नाही, उठायचंसुद्धा नाही. खायला मात्र कुणीच नाही म्हणत नव्हतं.

परीक्षा देणार आहे, माझी मलाच द्यायची आहे. पण रोज चालत जाते आणि संध्याकाळी मैदानात जाते. पळता येत नाही, पोरींचा डाव बघते आणि गुण लिहिते. काल एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळून बघितलं. पोरी हसल्या नाहीत.

तू रविवारी येऊ का म्हणून विचारलंस. ये. लाडू आणू नकोस. आजोबांना माझा शरणार्थ सांग, बाबांना पण. आणि मामांच्या घरी आलीस की लगेच आत येऊ नकोस. जिन्यातूनच आधी मला नावानं हाक मार, मग बघ.

तुझीच,
मंजुश्री