सौ.च्या उरलेल्या गोळ्या

३ फेब्रुवारी १९८५, रविवार. सौंसर.
ठरलं! हनुमान जयंतीला जामसांवलीच्या मारुतीला पायी जायचं. सौ.सकट. आमच्या विजयला नोकरी लागावी म्हणून सौ.नं नवस बोलला होता. नोकरी लागली, नवस तसाच. तिला भोवळ येते. रात्री ‘मारुतीचं राहून गेलं’ म्हणून कुशी बदलत राहते.
पानठेल्यावर जाहीर करून टाकलं. पुंडलिकराव म्हणतो, भगवंता, वहिनी विहिरीपावेतो जात नाही अन् तू तिले जामसांवली दाखवून राहिला? माझ्या दमणीत बसा दोघंही, बैल नवे आहेत.
म्हटलं, मी दमणीत बसलो तर मिशी उतरवीन.

७ फेब्रु.
दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या, स्मिताबाई. म्हणाल्या, घरातल्या सगळ्या गोळ्या थैलीत आणा. थैली ओतली तर टेबल भरलं. काही इथल्या, काही पांढुर्ण्याच्या, काही विजयनं नागपूरहून धाडलेल्या. बाई म्हणाल्या, एका गोळीनं पाय सुजले, सूज उतरवायला दुसरी, दुसरीनं भोवळ, भोवळीला तिसरी. आजी, तुमचं अर्धं दुखणं या थैलीत आहे. एक ठेवू, बाकीच्या हळूहळू बंद.
माझंही मत पहिल्यापासून हेच. (बोललो नव्हतो.)

८ फेब्रु., सकाळ.
बंद केलेल्या गोळ्या वापस आणून द्या म्हणाल्या. वा! विकतचा माल. आमच्या घरी उरलेलं टाकत नाहीत, खाल्ल्या जाते. शिळी भाकर असो की कालची डाळ. औषधानं काय पाप केलं? सौ.ला बंद सांगितलं, मला नाही. मी संपवतो. चालायला ताकदही येईल.

२२ फेब्रु.
सौ. आंगण झाडते, मध्ये बसत नाही. मी लक्ष देऊन राहिलो म्हणून.
मला मात्र सारखं लघवीला जावं लागते. संत्री जास्त झाली. उद्यापासून कमी.

११ मार्च.
पाय चपलेत जाईना. नवी चप्पल आखूड निघाली. दुकानदाराशी भांडलो. तो म्हणे, काकाजी, चप्पल तेवढीच आहे, पाय वाढला. उद्धट.

२६ मार्च.
उठलो की भिंत हलते. चष्म्याचा नंबर बदलला असणार. नशीब, सौ.ची भोवळीची गोळी शिल्लक होती. टाकली असती म्हणजे?
सौ. रोज मोठ्या सडकेपावेतो फिरून येते. मी सोबत जात नाही. ताकद जपून ठेवत आहे.

५ एप्रिल, हनुमान जयंती.
पहाटे निघालो. मी पुढे. गावाबाहेर सडकेच्या दोन सडका झाल्या. कोणती खरी याचा विचार करायला लिंबाखाली बसलो. उठता आलं नाही. सौ.नं पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. तेवढ्यात मागून दमणी. पुंडलिकराव म्हणतो, वहिनी, तुमी व्हा पुढे, हा माल मी आणतो.
मला दमणीतल्या तणसावर आडवं घातलं. देवळाच्या पायरीशी सौ. उभी, हातात नारळ, पाय धुळीनं भरलेले. इतकी खूश तिला विजयच्या लग्नातही पाहिली नव्हती. डोळ्यांना पाणी आलं. चष्म्यामुळे.

६ एप्रिल.
स्मिताबाईंनी विचारलं, बाबूजी, तुमच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?
म्हटलं, एकही नाही. मी औषधाच्या विरुद्ध आहे. फक्त हिच्या उरल्या होत्या त्या संपवल्या.
बाईंनी पेन खाली ठेवलं. सौ. म्हणाली, बाई, इतकी वर्षं झाली, यायनं शिळ्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला नाही. उरलेलं मीच खाते. अन् गोळ्या तेवढ्या गोड लागल्या!
मला सगळ्या बंद. सगळ्यांचं हसू मात्र चालू. कंपाउंडरचंसुद्धा.

७ एप्रिल, रविवार.
भिंत जागेवर आहे. सौ.नं रात्रीची भाकर माझ्या ताटात वाढली. खाल्ली. कडक असते.
दुपारी शब्द पाळला, न्हाव्याकडे जाऊन मिशी उतरवली. पुडीत बांधून घरी आणली. सौ. म्हणते, फेका ना!
टाकून कसं द्यायचं?