टाच टेकत नाही

बुधवार, संध्याकाळ

सुट्टी होती म्हणून एकदाची फिजिओकडे गेले. सांताक्रूझच्या हॉटेलात रिसेप्शनला दिवसभर हिल्स घालून उभी असते, त्यामुळे पोटरीचे स्नायू आखूड झालेत म्हणे. म्हणूनच घरात अनवाणी चालताना टाच टेकवली की मागून ओढ बसते.

"कुणीतरी टाच धरून पंजा तुझ्याकडे ढकलायचा, रोज. घरी कुणी आहे ना?" फिजिओने विचारलं.

"आहे ना," म्हटलं. का म्हटलं? आई गेल्यापासून भांडुपच्या या घरात मी एकटीच.

घरी येऊन पंजाला टॉवेल अडकवून ओढून बघितलं, तो सारखा सटकत होता. मग शेजारच्या मालवणी काकूंच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. शेवटी बेल दाबलीच.

"काकू, जरा माझा पाय धराल?" बोलताना केवढं विचित्र वाटलं!

पंजा कसा ढकलायचा ते दाखवलं. काकू खाली बसल्या, माझी टाच मांडीवर घेतली. "पोटरी दगड झाली हा गो," म्हणाल्या आणि हळूहळू ताणत, चोळत राहिल्या.

"बरा वाटता?"

पोटरी कधीच सैल झाली होती. तरी म्हटलं, "अजून थोडं, काकू."